चार ट्रॅकच्या कॅसेटी डिजिटल करताना टाळ-पखवाज परत परत सुटतात, त्यावर उपाय

चार ट्रॅकच्या, म्हणजे चार वाद्यं-आवाज चार वेगळ्या पट्ट्यांवर भरलेल्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना सगळ्यात जास्त डोकं खाते ती खरखर नव्हे. खरखर कमी-जास्त करता येते. खरी कटकट ही की चारही ट्रॅक नीट घेतले, एकाखाली एक लावले, सुरुवातीचा टाळ जुळवला, पहिला अभंग झकास वाजला आणि दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर पखवाज टाळाच्या मागे रेंगाळायला लागला. तिथे कापून परत जुळवलं की पाच मिनिटांनी परत तेच, मग माणूस सॉफ्टवेअर बदलतो, केबल बदलतो, लॅपटॉपला शिव्या घालतो आणि रविवार असाच जातो. याची कारणं तीन-चारच आहेत पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि एका कारणाचं औषध दुसऱ्याला दिलं की घोळ वाढतो, म्हणून आधी कारण पकडायचं आणि मगच कात्री हातात घ्यायची.

आपल्याकडे गोव्यात असल्या कॅसेटी अजून घराघरांतून निघतात. कुणाचा भाऊ कुवेतला, कुणाचा मामा बोटीवर, आणि सुट्टीवर येताना टू-इन-वनच्या जोडीला एखादा छोटा चार ट्रॅकचा रेकॉर्डर यायचा. असल्या मशिनांपैकी टॅस्कॅम कंपनीचा पहिला पोर्टास्टुडिओ, मॉडेल 144, 1979 मध्ये आला, पुढे फोस्टेक्स आणि यामाहानेही असली मशिनं काढली. मग भजनी मंडळ, घुमट आरतीवाले, तियात्राची कांतारां, म्हणजे कोंकणी नाटकातली गाणी म्हणणारे, बँडवाले, ज्याच्या हाती मशीन लागलं त्याने एका माईकवर बुवा, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर पखवाज आणि चौथ्यावर टाळ नि कोरस असं भरून ठेवलं. मशीन कधीच भंगारात गेलं, कॅसेट मात्र देवळाच्या कपाटात राहिली.

पहिली गोष्ट, तुमच्या हातातली कॅसेट चार ट्रॅकचीच आहे का ते बघा. साध्या स्टिरिओ कॅसेटवरही चार पट्टे असतातच, दोन ए साइडचे आणि दोन बी साइडचे. चार ट्रॅकचं मशीन हे चारही पट्टे एकाच दिशेने, एकाच वेळी वापरतं. त्यामुळे असली कॅसेट घरच्या डेकमध्ये घातली की ए साइडला ट्रॅक 1 आणि 2 सरळ ऐकू येतात आणि कॅसेट उलटवली की 3 आणि 4 उलटे वाजतात. एका दुकानात मंडळाच्या कॅसेटी दिल्या होत्या, त्यांनी एमपी3 करून परत दिल्या आणि वर सांगितलं की बी साइड खराब झालीय, नुसतं भुताचं बोलणं येतं. खराब काही नव्हतं, पखवाज उलटा वाजत होता एवढंच. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल घेऊन रिव्हर्स केली की झालं. एक लक्षात ठेवा, उलटवल्यावर डावीकडे ट्रॅक 4 येतो आणि उजवीकडे 3, हे उलटसुलट लिहून ठेवलंत तर पुढे तासभर भलत्याच ट्रॅकला भलतं नाव देऊन बसाल. आणि चौथ्या ट्रॅकवर गाण्याच्या जागी फॅक्स मशीनसारखी किंकाळी आली तर तीही खराबी नाही, बँडवाले कीबोर्ड आणि ड्रम मशीन जुळवून चालवायला तिथे सिंकचा टोन भरायचे.

दुसरी गोष्ट स्पीड. साधी कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटरने पळते. पोर्टास्टुडिओच्या बऱ्याच मॉडेलांत याच्या दुप्पट, म्हणजे 9.5 सेंटिमीटरचा स्पीड होता, काहींत दोन्ही होते. दुप्पट स्पीडने भरलेली कॅसेट घरच्या डेकवर निम्म्या स्पीडने वाजते, सगळं एक सप्तक खाली, बुवा रेड्यासारखे आणि टाळ मंदिराच्या घंटेसारखा. तशीच रेकॉर्ड करून घ्या, 96 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने, आणि नंतर स्पीड दुप्पट करा. सी-60 कॅसेटवर अशा मशीनने एका दिशेने 15 मिनिटंच मावतात, त्यामुळे 30 मिनिटांची फाइल दुप्पट केल्यावर 15 ची झाली म्हणून घाबरू नका, अर्धं रेकॉर्डिंग कुठे गेलेलं नाही.

अर्धा-दुप्पट हा फरक कानाला लगेच कळतो, थोडा फरक मात्र फसवतो. एकाने मला फाइल आणून दिली, सगळं सुरात, कुठे डगमग नाही. मंडळाचे जुने बुवा आहेत, ऐंशीच्या घरातले, त्यांना ऐकवली. डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "अरे, हो म्हजो आवाज न्हय. आमी काळी दोनांत गायताले." आणि उठून कपाटातली तीच जुनी पेटी काढून काळी दोन दाबून दाखवली. फाइल काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी लटकत होती. हा जो साधारण दीड सेमीटोनचा फरक आहे तो जवळजवळ नेहमी 48 आणि 44.1 किलोहर्ट्झ या दोन सॅम्पल रेटच्या भांडणाचा असतो, एका बाजूला इंटरफेस (डेकचा आवाज कॉम्प्युटरला देणारा डबा) 48 वर आणि दुसऱ्या बाजूला प्रोजेक्ट 44.1 वर, मधे ड्रायव्हरने गोंधळ घातलेला. दोन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवा.

पेटी नसेल तर टेपवरच्या हमवरून, म्हणजे विजेच्या घुमणाऱ्या आवाजावरून अंदाज घ्या. देवळात रेकॉर्ड केलेल्या कॅसेटीत विजेची हम असतेच, तिचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज याचा आलेख) काढला की आपल्याकडे 50 हर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसायला हवा. 25 ला दिसला तर कॅसेट दुप्पट स्पीडची आहे. पण 48 ला दिसला म्हणून लगेच स्पीड वाढवू नका, त्या काळी ग्रीडची फ्रिक्वेन्सीच चांगली वरखाली व्हायची, आणि जत्रेतलं रेकॉर्डिंग जनरेटरवरचं असेल तर ती हम जनरेटरच्या मर्जीची. मोठा फरक हमवर बघा, बारीक फरक पेटीवर.

आता मूळ दुखणं, ट्रॅक सुटणं. सगळ्यात आधी एक टेस्ट करा, हिला अर्धा तास जातो पण पुढचे आठवडे वाचतात. एकच बाजू, तेच डेक, तीच केबल, आणि ट्रॅक 1-2 सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा रेकॉर्ड करा. दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवा, पहिला ठोका जुळवा आणि नुसतं बघत पुढे जा. तोच टेप आहे, तेच मशीन आहे, तरी त्या सुटतीलच. बघायचं ते कशा सुटतात.

हळूहळू, सारख्या प्रमाणात सुटत असतील तर मोटरचा सरासरी स्पीड दोन वेळा वेगळा पडलाय. यात अजब काही नाही. 0.1 टक्का फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पाच मिनिटांत तो 0.3 सेकंद होतो, आणि पखवाजाला 0.3 सेकंद म्हणजे पूर्ण बोल चुकला. डेक गार असताना आणि तापल्यावर एवढा फरक पडतोच, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी कुठलीतरी बिनकामाची कॅसेट घालून अर्धा तास चालू ठेवा.

एकदम उडी मारून सुटत असतील आणि ती उडी दर वेळी टेपवर त्याच जागी असेल तर दोष टेपचा, तिथे सुरकुती आहे नाहीतर बुरशीने टेप चिकटलीय. उडी दर वेळी वेगळ्या जागी असेल तर दोष कॉम्प्युटरचा, यूएसबीतून सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने गळतायत. सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) वाढवा, वायफाय बंद करा, हबमधून नको तर थेट पोर्टला लावा, आणि रेकॉर्डिंग चालू असताना त्याच लॅपटॉपवर यूट्यूब बघू नका, हे सांगावं लागतं.

लाटेसारखं मागे-पुढे होत असेल तर दोष पिंच रोलरचा (टेप ओढणारं रबरी चाक) नाहीतर बेल्टचा. रोलर घासून आरशासारखा चकचकीत झालेला असतो, टेप त्यावरून घसरते. जुने बेल्ट तर आपल्या हवेत वितळून काळ्या डांबरासारखे होतात, बोटाला लागले की दोन दिवस जात नाहीत. नवीन बेल्ट घातल्याशिवाय पुढे काही करू नका, घसरणाऱ्या मशीनचं रेकॉर्डिंग जुळवत बसणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

आता यातलं काहीच नसलं तरी 1-2 आणि उलटवून घेतलेले 3-4 एकमेकांशी जुळणार नाहीतच, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. ए साइड वाजवताना सुरुवातीला डावं चाक भरलेलं असतं आणि उजवं रिकामं. उलटवल्यावर तुम्ही रेकॉर्डिंगच्या शेवटाकडून सुरुवात करता, म्हणजे जिथे आधी ताण कमी होता तिथे आता जास्त असतो. स्पीडमधला बारीक फरक एकदा एका बाजूला झुकतो आणि एकदा दुसऱ्या. त्यामुळे फाइल रिव्हर्स केल्यावर फरक सरळ रेषेत वाढत नाही, वाकडा वाढतो, आधी हळू मग जोरात किंवा उलट. आणि लोक काय करतात, सुरुवात जुळवतात, शेवट जुळवतात आणि अख्खी फाइल एकदाच ताणतात. दोन्ही टोकं बरोबर, मधला अभंग पार बिघडलेला. मग म्हणतात सॉफ्टवेअर फालतू आहे.

यावर चांगला उपाय एकच, चारही ट्रॅक एका दमात घ्या. त्यासाठी चार ट्रॅकचंच मशीन लागतं, चार वेगवेगळे टेप आउट असलेलं, आणि चार लाइन इनपुट असलेला एकच इंटरफेस. एकच यावर जोर आहे. दोन स्वस्तातले यूएसबी डोंगल लावून दोन-दोन ट्रॅक घेतले तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, लाखात पाचचा फरक असला तरी 15 मिनिटांत 45 मिलिसेकंद होतात. निदान हा फरक सरळ रेषेतला असतो, तिथे अख्खी फाइल एकदा ताणली की चालतं. टेपच्या फरकाला ते चालत नाही. आणि लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात केबल घालू नका, बहुतेक लॅपटॉपला तो माइक मोनो असतो, दोन ट्रॅकची खिचडी होते आणि ती परत निवडता येत नाही.

मशीन मिळालं पण त्याला नुसता स्टिरिओ आउट आहे, तरी बिघडलं नाही. पॅन (आवाज डावी-उजवीकडे ढकलणारं बटण) वापरून पहिल्या वेळी ट्रॅक 1 पूर्ण डावीकडे आणि 2 पूर्ण उजवीकडे घ्या. दुसऱ्या वेळी परत 1 डावीकडे आणि 3 उजवीकडे. तिसऱ्या वेळी 1 आणि 4. आता तिन्ही फाइलींत ट्रॅक 1 आहे, आणि प्रत्येक फाइलीतला उजवा ट्रॅक त्याच्या डाव्या जोडीदाराशी पक्का बांधलेला आहे कारण ते दोन्ही एकाच वेळी वाजले. म्हणजे पखवाज टाळाशी जुळवायची गरजच नाही, बुवांचा आवाज बुवांच्या आवाजाशी जुळवा, तोच आवाज तीनदा, लाट हुबेहूब तशीच दिसते, आणि बाकीचे मागून येतात. तिप्पट वेळ जातो खरा, पण मला विचाराल तर घरच्या डेकवर उलटसुलट करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आणि मशीन मिळालंच नाही, घरचं डेकच आहे, तर टाळाचा आधार घ्या. सभामंडपात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ सगळ्या माईकांत घुसलेला असतो, बुवांच्या माईकमध्येही आणि पेटीच्याही. स्टुडिओवाला याला शिव्या देईल, आपल्याला तो सोन्यासारखा आहे. घुमट आरतीत हेच काम कासाळं, म्हणजे तिथली झांज करते. दोन्ही फाइलींचा वरचा भाग, समजा 5 किलोहर्ट्झच्या वरचा, तात्पुरता फिल्टर लावून वेगळा काढला की टाळाचे ठोके काट्यासारखे उभे दिसतात. दर आठ-दहा सेकंदांनी एक ठोका पकडून जुळवा. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर प्रिझर्व्ह पिच (सूर न बदलता ताणायची सोय) बंद ठेवा, कारण टेपचा स्पीड बदलला तेव्हा सूरही बदलला होता, स्पीड परत केला की सूरही आपोआप जागेवर येतो. पिच सांभाळून ताणलंत तर टाळाला पाण्यातून आल्यासारखा आवाज येईल. जिथे ठोका नाही, बुवा एकटेच आळवतायत, तिथे कापाकापी करू नका, पुढच्या ठोक्यापर्यंत सोडून द्या.

आवाज दबणं हे वेगळं दुखणं पण यालाच चिकटून येतं. सुरुवातीला टाळ लखलखीत आणि दहा मिनिटांनी कांबळं टाकल्यासारखा, हेड पुसला की परत चांगला आणि परत दबतो. हे पावसाळ्याचं दुखणं आहे. टेपची पूड आणि बुरशी हेडवर बसते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा धुरकट कडा दिसली तर चांगल्या मशीनमध्ये ती घालूच नका, बुरशी त्या मशीनमधून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. तोंडाला मास्क, काम बाहेर पडवीत, जुन्या फेकायच्या प्लेअरमध्ये घालून एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, बाजूने सुक्या मऊ कापडाचा हलका स्पर्श ठेवून. हेड पुसायला मोबाइल रिपेअरवाल्यांकडे मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कॅसेटचं डबडं वाकलं असेल किंवा आतली फेल्टची गादी गळून पडली असेल, आणि ती हमखास पडते, तर स्क्रूवालं चांगलं डबडं घेऊन टेप त्यात हलवा. कुणीतरी ओव्हनमध्ये भाजायला सांगेल. तो इलाज ठराविक जुन्या स्पूल टेपांचा आहे, कॅसेटीचं प्लास्टिक वाकेल आणि हाती काही लागणार नाही.

जमलं तर हे काम डिसेंबर-जानेवारीत काढा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातले चामड्याचे बूट हिरवे होतात तिथे कॅसेट काय टिकणार. चवथीच्या आधी घुमट आरतीची जुनी कॅसेट हवीच म्हणून ऑगस्टमध्ये घाई करतात, त्यांनी निदान दोन आठवडे आधी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. उन्हात नको.

हेडचा कोन, अझिमुथ, हाही दर कॅसेटला आणि दर बाजूला वेगळा. हेडच्या शेजारी छोटा स्क्रू असतो, त्याची मूळ जागा पेनाने खुणावून ठेवा, दोन्ही चॅनल मोनो करून ऐका आणि टाळ सर्वात जास्त झणझणेल तिथे थांबा. कॅसेट उलटवली की परत करा, आधीची सेटिंग चालत नाही.

शेवटी डीबीएक्स, म्हणजे टेपची खरखर दाबायची एक पद्धत; डॉल्बी ही तसलीच दुसरी. पोर्टास्टुडिओवाल्या बऱ्याच कॅसेटी डीबीएक्स लावून भरलेल्या असतात, फोस्टेक्सच्या काही मशिनांत डॉल्बी असायचं. डबीतल्या कागदावर (इनलेवर) लिहिलं असेल तर उत्तम, नसेल तर आवाजावरून कळतं. डीबीएक्सची कॅसेट साध्या डेकवर वाजवली की सगळं एकाच पातळीवर ओरडतं, हळू आळवलेलं आणि जोरात म्हटलेलं सारखंच, टाळ कानात टोचतो आणि गाणं थांबलं की मागची खरखर फुगून वर येते. डेकवरचं डॉल्बी लावून हे जाणार नाही, ते बंदच ठेवा. डीबीएक्स भरताना आवाज 2 ला 1 असा दाबतं आणि वाजवताना तेवढाच उलटा उघडतं, म्हणून टेपवर जी काही चूक आहे, दबलेला टाळ, चुकलेला कोन, ती उघडताना दुप्पट होते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी उलटी बाजू सरळ करा, स्पीड बरोबर करा, दबलेला ट्रेबल जमेल तितका जागेवर आणा, आणि मगच डीकोड करा, म्हणजे दाबलेला आवाज परत उघडा, सॉफ्टवेअरने किंवा डीबीएक्स टाइप 2 च्या डब्यातून. उलट्या वाजणाऱ्या किंवा निम्म्या स्पीडच्या आवाजावर डीकोडर लावला तर तो ठोक्याच्या आधीच आवाज उघडतो नाहीतर भलत्याच वेळी मिटतो आणि पखवाज धाप लागल्यासारखा वाजतो. ट्रॅक कापून जुळवायचं काम डीकोडच्या आधी केलं तर जोडांवर डीकोडर दचकतो, ते त्याच्यानंतरच करा.

लेव्हल सगळ्यात मोठ्या कोरसला उणे 12 डीबीच्या आसपास ठेवा, 24 बिटमध्ये भरपूर जागा असते, लाल दिवा पेटेपर्यंत वाढवायची गरज नाही. विंडोजमधलं एन्हान्समेंट बंद करा, ते टाळाला गोंगाट समजून खाऊन टाकतं. आणि नॉइज रिमूव्हल न लावलेल्या, न कापलेल्या मूळ वेव्ह फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, नावात कॅसेट, बाजू, ट्रॅक, स्पीड आणि डीबीएक्स आहे की नाही एवढं तरी लिहा. एमपी3 काय ती मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला.